घोडा का अडला? उडी शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं आजीने आपल्या सगळ्यांनाच घातलेलं असतं आणि उत्तरही पाठ असतं, न फिरवल्यामुळे. आमच्या ग्वाल्हेरात मात्र अडलेल्या घोड्याची अजून एक गोष्ट आहे. शाळेतून फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी बघायला नेतात तेव्हा पहिल्यांदा कानावर पडते, की जून १८५८, ऐन उन्हाळा, राणीचा नेहमीचा घोडा नव्हता, नवा होता, आणि नाल्यापाशी येऊन तो अडला. खरं किती न् खोटं किती ते इतिहासवाले बघतील, पण आम्ही लहानपणापासून त्या घोड्याला शिव्या घालत मोठे झालो. मग पस्तिशीत मी घोड्यावर बसायला शिकलो, उड्या मारायला लागलो, आणि एक दिवस डोक्यात आलं की अरे, नवा घोडा, जूनचं ऊन, आजूबाजूला गोळीबार, समोर कधी न बघितलेला नाला, त्याच्या जागी कुठलाही घोडा अडलाच असता की!

हे लिहायचं निमित्त माझी भाची. वय १३, आत्ताच उडी सुरू झालीय, आणि ताई रोज फोन करून विचारते की काय बघायचं, काय विचारायचं, कोच म्हणतो तेवढं बरोबर का. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार) टीमने गोल्ड आणलं, त्यात इंदूरची मुलगी होती, तेव्हापासून आमच्याकडे पण बऱ्याच घरांत घोडेस्वारीचं वेड शिरलंय, चांगलंच आहे. पण सगळे विचारतात मुलगा किती उंच मारेल, घोड्याबद्दल कोणी विचारत नाही. तर ताईला जे फोनवर तुकड्यातुकड्यात सांगितलं ते इथे एकत्र लिहितोय. मी काही कोच नाही, डॉक्टर तर नाहीच, बारा वर्षं घोड्यावर बसतोय आणि चुका भरपूर केल्यात, एवढीच लायकी.

सगळ्यात आधी पाय

मोरारकडच्या ज्या क्लबमध्ये मी शिकलो तिथे एक साईस चाचा होते, घोड्यांची देखभाल करणारे (आमचे आजोबा मोतद्दार म्हणायचे, जुना शब्द, आता कोणी वापरत नाही). पहिल्या दिवशी मी हेल्मेट वगैरे घालून ऐटीत उभा, तर चाचा म्हणाले, "साहब, टोपी बाद में, पहले पाँव देखो. आपके नहीं, उसके."

तेव्हा हसलो होतो. नंतर हसू गेलं. आमच्याकडे तुफान नावाचा एक घोडा होता, नावाच्या अगदी उलट, गरीब गाय. एका रविवारी क्लबात छोटी स्पर्धा, घरचे सगळे आलेले, भाऊजी मोबाईल घेऊन तयार. तुफान दोन राउंड छान गेला, तिसऱ्याला अडथळ्यावरचे दोन बांबू पाडले, उतरताना जड उतरत होता, मला लगामावर त्याचं वजन जाणवत होतं, पण भाऊजी म्हणाले अरे नीट आलं नाही रेकॉर्डिंग, अजून एकदा. आणि मी मारली अजून एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी माझा हात धरून त्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूवर ठेवला, गुडघ्याच्या खाली. उजवा पाय थंड, मागची शीर (रक्ताची नाही, टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी) दोरीसारखी ताठ आणि स्वच्छ, बोटांना तिची कड लागते. डावा कोमट, कड हरवलेली, मधेच केळ्यासारखा हलका फुगवटा, आणि दाबलं तर त्याने पाय झटकन उचलला. चाचा काहीच बोलले नाहीत. पाच महिने तो घोडा नुसता हातात धरून चालवला. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, डिलीट नाही केला मुद्दाम.

तर पाय बघायची पद्धत अशी. खोगीर घालायच्या आधी चारही पायांवर वरून खाली हात फिरवायचा, पुढच्या पायांवर जास्त वेळ, कारण उडीनंतर सगळं वजन आधी पुढच्या पायावर येतं. डावा-उजवा तुलना करा, कारण उन्हात बांधलेल्या घोड्याचे दोन्ही पाय गरमच लागतात, एकच गरम असेल तर गडबड. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात, नुसत्या शिरा आणि हाड, म्हणजे तिथे गादीच नाही. भरधाव पळताना त्या मागच्या शिरेच्या आतलं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं असं मोजलेलं आहे. ग्वाल्हेरच्या मे महिन्याएवढं, पायाच्या आत! एकदा तिचे धागे तुटले की जुळतात पण पहिल्यासारखे नाही, आणि जास्त फाटली तर वर्ष सहज जातं.

मग खूर. चारही खूर खुरकणीने साफ करून बघायचे, खडा अडकलाय का, मधल्या मऊ भागाला कुजका वास येतोय का, नाल हलतोय का, खिळा वर आलाय का. नालबंद साधारण दर ५-६ आठवड्यांनी यायला हवा. क्लबात विचारा की शेवटचा कधी आला होता, उत्तर द्यायला जास्त वेळ लागला तर समजून जा.

आणि मग कडक जमिनीवर, कोणीतरी घोडा धरून दुडकीने तुमच्यापासून लांब नेऊन परत आणायचा. मान बघा. पुढच्या पायाने लंगडत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला पाय टेकताना खाली. सुरुवातीला दिसत नाही, पन्नास वेळा बघितलं की दिसायला लागतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि याच दोन मिनिटांचा सगळ्यांना कंटाळा.

नाडी, श्वास, ऊन

ताईला मी एक छोटी वही करायला सांगितली. आरामात उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५. नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोटाने सापडते, १५ सेकंद मोजून चारने गुणा. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे माहीत असले तरच आज जास्त आहेत हे कळणार ना. काम झाल्यावर १०-१५ मिनिटांत नाडी ६० च्या खाली यायला हवी, नाही आली तर त्या दिवशी पुढची उडी नाही, मग समोर कोणी का बसलेलं असेना.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुत्र्यासारखा धापा टाकत नाही तो, सगळं नाकाने. आणि चौखूर पळताना त्याचा श्वास पावलाशी बांधलेला असतो, एक झेप एक श्वास. म्हणून जो नाकावरचा पट्टा आवळून आवळून बांधतात ते बघून माझं डोकं फिरतं. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, नाकाच्या हाडावर मोजायची, बाजूला नाही.

ऊन तर आपल्याकडे विचारूच नका. मे-जूनमध्ये उडी म्हणजे पहाटे साडेपाच ते सात, बस्स. पण खरा धोका जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा आपल्याला वाटतं की चला गरमी गेली, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर घोडा थंड होत नाही. जोराच्या कामात घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळतो, आणि त्या घामात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ. म्हणून दाण्यात रोज दोन चमचे साधं मीठ, आणि पाणी दिवसभर समोर. एक खूप जुनी समजूत आहे की गरम घोड्याला पाणी पाजलं की पोटशूळ होतो, थंड पाणी अंगावर टाकलं की अंग धरतं, आमच्या चाचांची पण हीच समजूत होती आणि यावरून आमची भांडणं झालीत. असं काही नाही. थकलेल्या घोड्याला पाणी पिऊ द्या, आणि अंगावर थंड पाणी ओतत राहा, ओतत राहा, मधे पुसत बसू नका, मान, छाती, मांड्यांच्या आतली बाजू. मोठ्या शर्यतींमध्ये पण फिनिशनंतर हेच करतात, बादल्या घेऊन माणसं उभी असतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. आधी वैरण मग दाणा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुकी वैरण लागतेच, हरभरा-जवाने पोट भरून चालत नाही. एका वेळी २ किलोच्या वर दाणा नको. भरपेट दाण्यानंतर दोन-तीन तास काम नको, पण अगदी रिकाम्या पोटी पण उडी मारू नका, निघायच्या आधी मूठभर हिरवं खाऊ द्या, नाहीतर पोटातलं आम्ल उसळतं. घोड्याला उलटी होत नाही हे लक्षात ठेवा, जे आत गेलं ते पुढेच जाणार. जमिनीवर लोळतोय, पोटाकडे वळून वळून बघतोय, लीद नाही, तर डॉक्टरला फोन, व्हॉट्सअॅपवर विचारत बसू नका.

खोगीर आणि तुमचं वजन

हे बोललं की लोकांना राग येतो पण बोलायला हवं. स्वार, खोगीर सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, आणि उडीसाठी त्याहून बरंच कमी. ३५० किलोच्या लहानखुऱ्या घोड्यावर ९० किलोचे काका बसून बांबूवरून उड्या मारताना मी बघितलेत, क्लबवाला पण काही बोलत नाही कारण काका फी भरतात. मुलं हलकी असतात म्हणून हा प्रश्न येत नाही, पण मुलांचा दुसरा प्रश्न असतो, मांड पक्की नसते. उतरताना थपकन पाठीवर बसलात तर ३० किलोचं पोरगं पण जड. आधी लगाम न धरता, रिकिबीवर उभं राहून दुडकीत पाच मिनिटं तोल सांभाळता आला पाहिजे, तोपर्यंत उडी नाही. मला विचाराल तर सहा महिने तरी.

खोगीर काढल्यावर पाठीवरच्या घामाचा नकाशा बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक, मधेच रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर रुततंय. असा घोडा दोन आठवड्यांनी उडीपाशी अडायला लागतो आणि सगळे म्हणतात खोड लागली.

मैदान आणि बांबू

रेसकोर्स रोड नावाचा रस्ता आमच्याकडे आहे, रेस नाहीये. पण बाहेरच्या शहरांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे आपल्या बाजूच्या क्लबांत येतात, स्वस्तात. सपाट मैदानावर पळायला शिकवलेला घोडा असतो तो, त्याला उडी येत नाही आणि पाय आधीच वापरलेले असतात. त्याला उडी शिकवायला वर्ष द्यायचं, महिना नाही. घोडा घ्यायचा असेल तर आधी काय करत होता ते विचारा आणि डॉक्टरकडून पाय तपासूनच पैसे द्या.

मैदान आपल्याकडे मुरमाचं, उन्हाळ्यात सिमेंट आणि पावसात साबण. उडीच्या आधी पाणी मारून वरचा थर भुसभुशीत केलेला हवा. बुटाची टाच मारून बघा, टाच थोडी रुतली तर चालेल, टणक आवाज आला तर आज फक्त चालणं आणि दुडकी.

बांबूचं ऐका. आपल्याकडे अडथळे म्हणजे दोन ऑइलचे ड्रम आणि वर बांबू, पैसे नसतात, समजू शकतो, मी पण तसल्यांवरच शिकलो. पण चिरलेला बांबू अजिबात नको, घोड्याच्या पोटात सुरीसारखा जातो. आणि बांबू कधीही, कधीही दोरीने बांधायचा नाही. पाय लागला की तो पडलाच पाहिजे. एका ठिकाणी मी बघितलंय की सारखा सारखा उचलून ठेवायचा कंटाळा म्हणून दोन्ही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधलेला. त्या दिवशी काही झालं नाही हे त्या घोड्याचं नशीब.

खाली जमिनीवर एक बांबू ठेवा, अडथळ्याच्या किंचित पुढे, घोडा येतो त्या बाजूला. घोडा त्या खालच्या रेषेवरून अंतराचा अंदाज घेतो. ती रेषा चुकून मागे गेली तर त्याचा अंदाज चुकतो, जवळ येऊन उडतो, गुडघे आपटतात. म्हणून एकाच अडथळ्यावरून दोन्ही बाजूंनी उड्या मारायच्या असतील तर दोन्हीकडे बांबू टाका. रंगाचंही आहे. घोड्याला लाल-केशरी आणि हिरवा यातला फरक नीट दिसत नाही. इंग्लंडमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत वर्षानुवर्षं उडीच्या फळ्या केशरी असायच्या, माणसाला छान दिसायच्या, घोड्याला हिरवळीत मिसळलेल्या. संशोधन झालं आणि २०२२ पासून त्या चमकदार पांढऱ्या करायला घेतल्या. आपण पण पांढरा-निळा, पांढरा-काळा असे पट्टे मारू शकतो, डबाभर रंगाचा खर्च.

शिवाय घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. म्हणजे उडीच्या शेवटच्या क्षणी समोरचा बांबू त्याला दिसतच नसतो, तो मघाशी बघितलेलं आठवून उडतो. म्हणून येताना मान मोकळी हवी, डोकं वर-खाली करून त्याला अंतर बघू द्या. लगाम खेचून मान बांधलीत तर तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला उडी मारायला सांगताय.

किती उड्या, आणि चाबूक

आठवड्यातून दोन दिवस उडी, एका वेळी २०-२५ च्या आत, हा माझा हिशोब. बाकीचे दिवस रपेट, चढ-उतार, दुडकी, एक दिवस नुसती चराई. आजीच्या कोड्यातलं फिरवणं ते हेच, उडी घोड्याला उडीने येत नाही, फिरवण्याने येते. छान उडी झाली की थांबा. "अजून एक" हा शब्द क्लबातून हद्दपार केला पाहिजे (भाऊजी, वाचताय ना).

चाबकाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, मला मधलं पटतं. खांद्यावर किंवा पायामागे हलका स्पर्श, लक्ष वेधायला, ठीक आहे. राग काढायला नाही. घोडा अडून झाल्यावर मारलेला चाबूक त्याला काहीच शिकवत नाही, त्याला एवढंच कळतं की या बांबूपाशी मार बसतो, पुढच्या वेळी तो दहा पावलं आधीच अडेल. ब्रिटनमध्ये जिथे अडथळ्यांची शर्यत हा मोठा धंदा आहे तिथे पण चाबूक आता गादी लावलेला असतो आणि २०२३ पासून उडीच्या शर्यतीत जास्तीत जास्त ७ वेळा, त्याच्यावर ४ किंवा जास्त गेले तर घोडाच बाद, जिंकलेला असला तरी. मालकाचं बक्षीस गेलं की जॉकीचा हात आपोआप आवरतो. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्यात मारण्याबरोबर जास्त दौडवणं आणि जखमी-आजारी जनावराला कामाला लावणं हेही गुन्ह्यात धरलंय, पण किती जणांना माहितीये.

अडला तर काय करायचं

आता मुख्य. घोडा बांबूपाशी अडला. तुम्ही त्याच्या मानेवर आलात किंवा खालीच आलात. सगळे बघतायत, कोच ओरडतोय "मार, मार, फिर से लाओ." पहिलं काम, श्वास घ्या. दुसरं, त्याला सरळ उभा ठेवा, अडथळा बघू द्या, वास घेऊ द्या. मग स्वतःला विचारा: मी वाकडा आणला का? शेवटच्या दोन पावलांत मीच लगाम ओढला का? मीच घाबरलो का? दहातल्या सात वेळा उत्तर इथेच मिळतं, निदान माझं तरी. तसं असेल तर बांबू खाली उतरवा, गुडघ्याच्या खाली, आणि दुडकीत आणा. गेला तर थोपटा आणि थांबा.

दुसऱ्यांदा अडला तर उतरा. पाय बघा, खोगीर बघा, तोंडात लगामाने कापलंय का बघा, शेपूट सारखी फिरवतोय का, कान मागे आहेत का. रोज जाणारा घोडा अचानक अडायला लागला तर मी तरी दुखतंय असंच धरून चालतो, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत. तिसऱ्यांदा आणायचाच नाही.

टोकियो ऑलिंपिक आठवतंय? ऑगस्ट २०२१, मॉडर्न पेंटाथलॉन, म्हणजे पाच खेळांची मिळून एक स्पर्धा, त्यातल्या घोडेस्वारीत स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. जर्मनीची बाई पहिल्या नंबरवर, तिला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला, जो त्याच दिवशी आधी दुसऱ्या स्वाराला अडला होता. तो हलेना, ती रडतेय, चाबूक चालूच, आणि बाहेरून कोच ओरडतेय मार त्याला, शेवटी कोचने स्वतः घोड्याला बुक्का मारला. कोचला स्पर्धेतून बाहेर काढलं, आणि पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकला. आमची समाधीची गोष्ट परत झाली बघा, नवा घोडा, घाबरलेला स्वार, आजूबाजूला गोंगाट. फरक इतकाच की राणीकडे थांबायचा पर्याय नव्हता. आपल्याकडे असतो, दर वेळी असतो.

थांबवणं हे स्वाराचं काम

घोड्याला थांबायचं कळत नाही. कळपातलं जनावर, बाकीचे पळतायत तोपर्यंत तो पळतो, दुखत असलं तरी. म्हणून थांबवायचं वरच्याने.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्री (Aintree) नावाच्या ठिकाणी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत होते, १८३९ पासून, साधारण ६.९ किलोमीटर आणि ३० उड्या. २०११ ला तिथे दोन घोडे मेले, २०१२ ला परत दोन. २०११ चा विजेता घोडा इतका तापलेला होता की जॉकीने रेषा ओलांडताच उडी टाकली आणि घोड्यावर पाण्याच्या बादल्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच जॉकीला चाबूक जास्त चालवला म्हणून ५ दिवसांची बंदी पण मिळाली. म्हणजे एकाच माणसाने एकाच शर्यतीत चूक पण केली आणि बरोबर पण. मग हळूहळू बदल आले, २०१३ पासून अडथळ्यांच्या आतल्या लाकडी खुंट्या काढून वाकणारं प्लास्टिक घातलं, २०२४ पासून ४० ऐवजी ३४ घोडे. पडल्यावर परत चढून शर्यत पुरी करायला २००९ पासून मनाई आहे. आणि तरी २०२५ ला १३ वर्षांचा एक घोडा शेवटच्या टप्प्यात कोसळला, काही दिवसांत गेला. घोड्यात काही उरलेलं नाही हे दिसत असताना पुढे नेला म्हणून स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याच दिवशी जॉकीला १० दिवसांची बंदी घातली. मृत्यूचा दोष जॉकीवर मी नाही टाकत, पण नियम काय म्हणतो ते बघा, थांबायला हवं होतं.

तिकडे घोड्याच्या नोंदीत पडला तर एफ, अडला तर आर, आणि जॉकीने स्वतः थांबवला तर पी लिहितात. मला तो पी फार आवडतो. आमच्या क्लबात असा रकाना असता तर मी तुफानच्या नावापुढे त्या रविवारी पी लिहून घेतला असता, बक्षिसापेक्षा मोठा.

कधी थांबवायचं? रोज न लागणारे बांबू लागायला लागले. उतरताना ठेचाळला. लगामावर जड होतोय, मान खाली टाकून तुमच्या हातावर टेकतोय. चौखूर पळताना पाय सारखे बदलतोय. श्वासाचा ठेका बिघडला, घरघर आली. यातलं एक दिसलं तरी सावकाश दुडकीवर, मग चालीवर, मग खाली उतरून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा. एकदम ताडकन थांबवू नका, शिरा तेवढ्याच ताणतात.

पडलात तर

आधी तुम्ही. डोकं आपटलं असेल, चक्कर, मळमळ, एकच प्रश्न परत परत विचारताय, तर त्या दिवशी परत बसायचं नाही, "पडल्यावर लगेच परत चढायचं असतं" हे ज्याने शिकवलं त्याला डोक्याच्या दुखापतीबद्दल काही माहीत नव्हतं. आपटलेलं हेल्मेट बदलायचं, वरून चांगलं दिसलं तरी. मग घोडा. मोकळा सुटला तर मागे धावू नका, दाण्याची बादली वाजवा, येतो. लगाम पायात अडकला होता का, कुठे चिरलंय का, चालवून बघा. उभाच राहत नसेल किंवा पाय हवेत धरला असेल तर हलवू नका, डोक्याशी शांत उभे राहा, बाकीच्यांना लांब करा, डॉक्टर येईपर्यंत मोबाईल खिशात.

लोक विचारतात पाय मोडला की घोड्याला का मारतात, प्लास्टर का नाही करत. काही मोडी जुळतात, ऑपरेशनं होतात. पण घोडा महिनोन् महिने झोपून राहू शकत नाही, चार-पाचशे किलो वजन उरलेल्या तीन पायांवर येतं, मग चांगल्या पायाचा खूर आतून सुटायला लागतो, आणि तो त्रास बघवत नाही. हा निर्णय डॉक्टरचा, मालकाने पैशासाठी घ्यायचा नाही आणि स्वाराने रडून अडवायचा नाही. मी एकदाच बघितलंय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसरी सकाळ

उतरल्यावर पंधरा मिनिटं हातात धरून चालवा, पाणी ओता, पाय परत बघा, खरारा करा. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, कारण सूज रात्रीतून येते. म्हणून उडीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तरी कोणीतरी जाऊन पाय चाचपून, दुडकीने चालवून बघायला हवं, आणि ते साईसवर सोडू नका, ज्याने उडी मारली त्यानेच जावं. भाचीला मी हा नियम घातलाय. थंडीत सहा वाजता उठायचं म्हणून आधी तोंड वाकडं केलं.

मागच्या रविवारी ताईचा सकाळी सकाळी फोन, मला वाटलं काय झालं. म्हणाली ही म्हणतेय मागचा उजवा पाय किंचित गरम लागतोय, कोच म्हणतोय काही नाही, आज शो आहे, काय करू. मी म्हटलं फोन तिला दे. तिला विचारलं, डावा कसाय? म्हणाली मामा, डावा थंड आहे, तीन वेळा बघितला. मग? मग काय, मी खोगीर घातलंच नाहीये, त्याला कडुलिंबाखाली बांधून पायावर पाणी सोडतेय, आई उगाच टेन्शन घेतेय.